मालकाची बाजू

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे मधले दीड-दोन महिने इथे काही लिहिता आलं नाही. डोळे नीट झाल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर कोर्टाचे काही जुने निकाल वाचून काढले. नातवाने मोठ्या अक्षरात छापून दिले होते. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं, त्यामुळे शेजारी शब्दकोश ठेवूनच वाचावं लागतं. पण वेळ आहे, आणि आता डोळेही आहेत!

नोकरीत भेदभाव झाला म्हणून कुणी दाद मागितली, की आपण त्या माणसाची कहाणी ऐकतो, हळहळतो. मालकाने कोर्टात काय सांगितलं ते सहसा कुणी वाचत नाही. मी या वेळी मुद्दाम तेच वाचलं. मालक काही राक्षस नसतो, तो कारणं देतो, आणि कारणं वरवर पाहता पटतातही. गंमत अशी, की गेल्या शंभर वर्षांत ही कारणं फारशी बदललेली नाहीत. मला तरी पाच-सहाच सापडली. त्यांचाच हा थोडा इतिहास.

पहिलं कारण : दुसऱ्यांना चालत नाही.

मुंबईच्या कापड गिरण्यांत साचेखात्यात, म्हणजे विणकामात, मजुरी चांगली मिळत असे. पण अस्पृश्य समाजातल्या कामगारांना तिथे शिरकाव नव्हता. धोट्यातून सूत ओढून घेताना विणकर ते तोंडाने ओढत, आणि तोच धोटा पुढे दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. सवर्ण कामगारांना ते चालत नसे. त्यामुळे दलित कामगाराने कमी मजुरीच्या खात्यातच राहायचं. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. मजुरांच्या हक्कांसाठी लढता, मग या मजुरांचा हक्क कुठे गेला, असा तो सवाल होता. म्हणजे दार अडवायला मालकाला स्वतः उभं राहावं लागत नव्हतं. ‘सोबतचे लोक तयार नाहीत’ एवढं पुरत होतं.

हेच कारण अमेरिकेत विमानात बसलेलं दिसतं. तिथे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीत स्त्री-पुरुष भेद करायला बंदी घातली. मात्र कामासाठी ती अट खरोखरच आवश्यक असेल तर सूट ठेवली. पॅन अमेरिकन कंपनी विमानात प्रवाशांची सेवा करायला फक्त बायकाच घेत असे. दियाझ नावाच्या पुरुषाने अर्ज केला, तो नाकारला गेला, आणि तो कोर्टात गेला. कंपनी म्हणाली, प्रवाशांना बायकाच आवडतात. मानसशास्त्रज्ञाची साक्षसुद्धा काढली! १९७१ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं, की तुमचा मूळ धंदा प्रवाशांना सुखरूप पोचवण्याचा आहे, आणि त्यात पुरुष सेवक ठेवल्याने काही बिघडत नाही. गिऱ्हाइकाची आवड ही सबब चालणार नाही. भेदभाव मोडण्यासाठी कायदा केला, आणि त्याच भेदभावाने लागलेली सवय मालकाचा बचाव म्हणून मान्य केली, तर कायदा केला कशाला?

आणि आपल्याकडे? लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांना कायम नेमणूक द्यायची की नाही, या खटल्यात सरकारने मांडलेल्या मुद्द्यांत एक असा होता, की जवान बहुतांशी ग्रामीण भागातून आलेले पुरुष असतात, बाईचा हुकूम ऐकायची त्यांच्या मनाची तयारी नसते. १७ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने ही मांडणी फेटाळली. हे वाचून मला हसूही आलं आणि रागही आला. मी तीस वर्षं त्याच ग्रामीण मुलांना शिकवलं. त्यातले कित्येक पुढे सैन्यात गेले. समोर बाई उभी आहे म्हणून वर्गात एकानेही पाढे म्हणायचे थांबवले नव्हते. नाही म्हणायचं आपल्याला, आणि नाव पुढे करायचं गावाकडच्या पोरांचं!

दुसरं कारण : बाईचा नेम नाही.

मुंबईच्या इंटरनॅशनल फ्रँचायझेस या औषध कंपनीत एक नियम होता. अविवाहित मुलगी कामावर घ्यायची, आणि तिचं लग्न झालं की नोकरी संपली. बॉम्बे लेबर युनियनने हा नियम रद्द करा म्हणून मागणी केली. न्यायाधिकरणाने ती नाकारली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. कंपनीचं म्हणणं असं : पॅकिंगचं काम गटाने चालतं, एक गैरहजर राहिली की सगळा गट अडतो, आणि लग्न झालेल्या बायका जास्त गैरहजर राहतात.

१९६५ च्या ऑक्टोबरात निकाल लागला, आणि तो वाचताना मला गणिताच्या चांगल्या मास्तरांची आठवण झाली. न्यायालयाने पायरी पायरीने विचारलं. अविवाहित मुलींना आईबाप, भावंडं नसतात का, त्यांच्यासाठी सुट्टी लागत नाही का? विधवांना तुम्ही कामावर ठेवता, त्यांना मुलंबाळं नसतात का? मग उरला फरक फक्त बाळंतपणाच्या रजेचा. तेवढ्यासाठी चार माणसं जादा ठेवता येतात. नियम रद्द झाला.

मुंबईत १९६५ साली रद्द झालेला नियम आमच्या मराठवाड्यात त्यानंतर बरीच वर्षं तोंडी चालू होता. मी नोकरीला लागले तेव्हा मुलाखतीत माझ्या विषयाबद्दल एक प्रश्न आला आणि लग्नाबद्दल चार. कुठल्या संस्थेत ते लिहीत नाही, त्या वेळी असं विचारणं कुणालाच वावगं वाटत नसे. ‘बाई, लग्न करून तुम्ही जाणार, मग आमच्या दहावीच्या वर्गाचं काय?’ असं एक जण अगदी काळजीने म्हणाले. माझ्यानंतर आत गेलेल्या गृहस्थांना लग्नाबद्दल काही विचारलं नाही. त्यांना दुसरीकडे चांगली जागा मिळाली आणि वर्षाच्या आत ते सोडून गेले. दहावीच्या वर्गाची काळजी कुणाला वाटली नाही.

तिसरं कारण : काम वेगळं आहे.

हे सगळ्यात वजनदार कारण. १९७५ साली सरकारने समान वेतनाचा वटहुकूम काढला आणि १९७६ साली त्याचा कायदा झाला. एकच किंवा सारख्या स्वरूपाचं काम असेल तर स्त्री-पुरुषांना सारखा मोबदला. साहजिकच मालकांची सगळी ताकद ‘सारखं’ या एका शब्दावर एकवटली.

एअर इंडियाच्या नर्गीस मिर्झा आणि त्यांच्या सहकारी हवाई सुंदरींचा खटला तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. विमानात त्याच फेरीत, त्याच प्रवाशांसमोर काम करणारे पुरुष कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होत. बाईला ३५ व्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर तेव्हा, किंवा पहिल्यांदा दिवस गेले की तेव्हा, यातलं जे आधी घडेल तेव्हा घरी जावं लागे. व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीत असेल तर मुदतवाढ, तीही ४५ पर्यंत. कंपनीचा बचाव असा, की ही दोन निराळी पदं आहेत, भरती निराळी, बढतीची वाट निराळी, मग तुलनाच कशी करता? त्यात केंद्र सरकारने १९७९ मध्ये अधिसूचना काढून ठेवली होती, की हा फरक स्त्री-पुरुष भेदावरून नाही. असं जाहीर करायची सोय त्या कायद्यातच होती.

ऑगस्ट १९८१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मी दोनदा वाचला. गरोदर राहिली म्हणून काढणं हा भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान आहे, असं न्यायमूर्ती फजल अली यांनी लिहिलं आणि ती अट रद्द केली. संचालकाच्या मर्जीचा नियमही रद्द केला. पण पदं निराळी आहेत हे मूळ म्हणणं मात्र मान्य झालं, आणि चार वर्षं लग्न न करण्याची अटही टिकली. कारण दिलं गेलं मुलीच्या तब्येतीचं, कुटुंबनियोजनाचं आणि प्रशिक्षणाच्या खर्चाचं. चार वर्षं लग्न करायचं की नाही, हे मुलीच्या हिताचं म्हणून कंपनीने ठरवायचं!

याच्या अगदी उलट गेला १९८७ चा निकाल. मॅकिनन मॅकेन्झी ही मुंबईची जुनी जहाज कंपनी. तिथे ऑड्री डि’कोस्टा या स्टेनोग्राफर होत्या. जून १९७७ मध्ये त्यांची नोकरी गेली. त्यानंतर त्यांनी तक्रार केली, की पुरुष स्टेनोग्राफरांना आमच्यापेक्षा जास्त पगार मिळत होता. कंपनीने सांगितलं, की या बायका वरिष्ठ साहेबांच्या खास, गोपनीय कामाच्या स्टेनोग्राफर आहेत. त्या जागांवर पुरुष नाहीतच, मग तुलना कुणाशी? पहिल्या अधिकाऱ्याकडे बाई हरल्या, अपिलात जिंकल्या, उच्च न्यायालयातही जिंकल्या. २६ मार्च १९८७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचं म्हणणं फेटाळलं. कौशल्य, मेहनत, जबाबदारी यांत व्यवहारात फरक पडेल असं काही आहे का, एवढं पाहायचं. बारीकसारीक भेद उगाळत बसायचं नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की मला एक गोष्ट दिसते. दोन्हीकडे वेगळा डबा मालकानेच केला. त्यात बायका मालकानेच बसवल्या. आणि पगाराचा किंवा वयाचा प्रश्न आला तेव्हा त्याच डब्याकडे बोट दाखवलं, की बघा, हा तर वेगळाच डबा! १९८१ मध्ये न्यायालयाने डब्यावरचं नाव वाचलं, १९८७ मध्ये झाकण उघडून आत पाहिलं, असं मला शिक्षिकेच्या भाषेत वाटतं. वकील मंडळींनी चूक असेल तर सांगावं.

चौथं कारण : तुम्हीच सही केली.

मॅकिनन कंपनीचा आणखी एक बचाव होता, की हे पगार आम्ही १९७५ साली युनियनशी करार करून ठरवलेत. न्यायालय म्हणालं, कायद्याने दिलेला हक्क कराराने कमी करता येत नाही. पण २००३ मध्ये एअर इंडियाच्याच दुसऱ्या खटल्यात, कराराने ठरलेली वेगळी वयोमर्यादा सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली. तिथे कर्मचाऱ्यांची संघटनाच त्या कराराच्या बाजूने उभी होती. तेव्हा सहीचं वजन किती, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

आम्हा शिक्षकांना सहीचं महत्त्व वेगळ्या कारणाने कळलं होतं. खासगी शाळांत रुजू होतानाच तारीख न घातलेला राजीनामा लिहून घ्यायची पद्धत होती. नको झालं की तारीख टाकायची, आणि ‘बाईंनी स्वतःच राजीनामा दिला’ असं कळवायचं. पहिल्या काही वर्षांत मला दर एप्रिलमध्ये कमी करून जूनमध्ये पुन्हा घेत, तेही माझ्या ‘विनंतीवरून’. महाराष्ट्राच्या खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्ती कायदा आला. त्यात राजीनाम्याची रीतच घालून दिली : दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत रजिस्टर पोस्टाने पाठवायची, दुसरी स्वतःजवळ ठेवायची. एवढा बारीक नियम का केला असेल, हे ज्याने कोऱ्या तारखेचा कागद पाहिलाय त्यालाच कळेल.

पाचवं कारण : परवडत नाही.

मॅकिनन कंपनीने हेही सांगून पाहिलं, की आमची आर्थिक स्थिती बरी नाही. उत्तर आलं, हा कायदा मालकाच्या ऐपतीवर अवलंबून नाही. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एक रोजंदारी कामगार आला. एका सार्वजनिक महामंडळाने तपासणीत एचआयव्ही निघाला म्हणून त्याला काम नाकारलं होतं. निकालात दोघांचीही नावं झाकलेली आहेत. महामंडळ म्हणालं, पुढे हा आजारी पडणार, खर्च आमच्या अंगावर येणार. न्यायालयाने विचारलं ते आजचं : आज हा माणूस काम करायला समर्थ आहे का, आणि त्याच्यापासून इतरांना खरा धोका आहे का? समर्थ आहे आणि धोका नाही, तर काम नाकारता येणार नाही.

तरीही ‘परवडत नाही’ हे नेहमीच खोटं असतं असं मी म्हणणार नाही. २०१७ मध्ये बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली. चांगलंच झालं. पण त्या पगाराचा भार बऱ्याच ठिकाणी एकट्या मालकावर येतो, आणि दहा-पंधरा माणसांच्या दुकानाला तो जाणवतो. मग तो मालक उघडपणे काही बोलत नाही, मुलाखतीतच मुलीला गाळतो. माझ्या बहिणीच्या नातीला गेल्या वर्षी एका ठिकाणी ‘पुढच्या दोन-तीन वर्षांचा काही प्लॅन?’ असं गोड आवाजात विचारलं. माझ्या मुलाखतीनंतर पन्नास वर्षांनी प्रश्न तोच! फक्त आता तो इंग्रजीत येतो, आणि कागदावर कुठेही उमटत नाही.

सहावं कारण आपल्या भागातलं आहे : मी मालकच नाही.

नांदेड, लातूर, बीडकडून दर हंगामात माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल घेतो नवरा, हिशोब नवऱ्याच्या नावे, आणि बाईची मजुरी वेगळी अशी कुठे दिसतच नाही. आजारपणाने एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. कारखान्याला विचारलं तर मजूर मुकादमाचे, मुकादमाला विचारलं तर पैसे कारखान्याचे. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळापर्यंत गेला, तेव्हा या खाड्याचीही चर्चा झाली. ऑड्रीबाईंना निदान कोणाविरुद्ध तक्रार करायची ते ठाऊक होतं.

याच मराठवाड्यात उलट उदाहरणही आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गावंच्या गावं रस्त्यावर आली होती. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. तिथे मोबदला कामाच्या मापावर, बाई-पुरुष भेद न करता. शेतात मात्र गड्याची हजेरी वेगळी आणि बाईचा रोज वेगळा, तेच चालू राहिलं. कारण? नांगरट वेगळी आणि खुरपणी वेगळी. दिवसभर उकिडवं बसून खुरपायला मेहनत लागत नाही, असं म्हणणाऱ्याने एक दिवस खुरपून पाहावं.

आता मालकाचं खरं कधी असतं, तेही लिहायला हवं. माझ्या एका भाच्याची लातूरला डाळ मिल आहे. (हो, तो हे वाचतो.) त्याचं म्हणणं, मावशी, ५० किलोचं पोतं उचलणारा हमाल आणि डाळ निवडणारी बाई यांना सारखा पगार कसा देऊ? बरोबर आहे त्याचं. हे काम खरोखर वेगळं आहे, कायदाही तेच म्हणतो. पण माझे त्याला तीन प्रश्न आहेत. निवडायला एखादा म्हातारा पुरुष बसला तर त्याला बाईइतकंच देतोस का? हमाली सोडून मशीनवर, वजनकाट्यावर, हिशोबाला बसायची संधी बाईला कधी मिळाली का? आणि तुझं कारण तू कामाला घेतानाच सांगतोस, की कुणी विचारल्यावर सुचतं? तिन्हींची उत्तरं सरळ असतील तर कारण खरं.

कायदा पुढे सरकत राहतो. १९७६ चा समान वेतनाचा कायदा २०१९ च्या वेतन संहितेत सामावला गेला, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. आता भरती आणि पगार यांत लिंगावरून भेद करायला तिच्यात मनाई आहे. पण हजेरीपट, पगारपत्रक, मुलाखतीचे शेरे ही सगळी कागदपत्रं मालकाच्या कपाटात असतात. तक्रार करणारीच्या हातात फारफार तर पगाराची चिठ्ठी. म्हणून नोकरी करणाऱ्या सगळ्या मुलींना सांगते, नेमणुकीचं पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, रजेचे अर्ज यांची एक प्रत घरी ठेवत जा. तारीख न घातलेल्या कागदावर सही करू नका. मुलाखतीत विचारलेला प्रश्न त्याच दिवशी घरी वहीत उतरवून ठेवा.

आणि आपल्या गोतावळ्यात आता दुकानं, क्लासेस, दवाखाने चालवणारेही बरेच झालेत. तुमच्याकडे कामाला असलेल्यांचा पगार कोणत्या कारणाने कमी-जास्त आहे, ते एकदा लिहून काढा. वरच्या सहांपैकी एखादं निघालं तर मला कळवा. सातवं निघालं तर नक्कीच कळवा, त्यावर पुढचा लेख लिहीन.